इरावतीबाईंनी विषय कसा निवडला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या गावात पेढ्यांच्या दुकानापुढे गर्दी होते. दोन-चार दिवसांनी तीच गर्दी सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या खिडकीपुढे दिसायला लागते. पेढे संपलेले असतात आणि खरा प्रश्न आता पुढ्यात आलेला असतो. मुलगी घेणार काय? सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? आणि आर्ट्स घेतलं तर त्यात विषय कोणता? २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्दही आपल्या कॉलेजांत येऊन पोचले आहेत. बचत गटाच्या बैठकीत एका आईने मला विचारलं, मेजर म्हणजे मिलिटरीतला असतो तोच का! सगळ्या हसल्या, पण तिचं काय चुकलं? आपल्याला कुणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं.

माझं काम बचत गटांचं आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलींचं. त्यामुळे कोण काय घेतं आणि का घेतं, हे गेली काही वर्षं जवळून बघते आहे. मैत्रिणीने भूगोल घेतला म्हणून हिनेही भूगोल घेतला. सायन्सची प्रॅक्टिकल्स साडेपाचला संपतात आणि गावाकडची शेवटची एसटी पाचला सुटते, म्हणून सायन्स नको. मामा म्हणाला बी.एड. करायला मराठी बरं, म्हणून मराठी. फार शिकली तर नवरा तिच्याहून जास्त शिकलेला शोधावा लागेल, म्हणून जे काय घ्यायचं ते तीन वर्षांत संपणारं. यातली कारणं खोटी नसतात. एसटी खरोखरच पाचला सुटते. पण या सगळ्या जमाखर्चात मुलीला काय आवडतं, हा प्रश्न अगदी शेवटी येतो आणि कधी कधी विचारायचा राहूनच जातो.

म्हणून आज तुम्हाला इरावती कर्वे यांची गोष्ट सांगावीशी वाटते. 'युगान्त'मुळे त्यांचं नाव तुमच्यापैकी कित्येकींना माहीत असेल. मी बी.ए.ला होते तेव्हा त्यांचं नाव माझ्यापुरतं परीक्षेतल्या पाच मार्कांच्या टिपेएवढंच होतं. पुढे त्यांचे लेख वाचले, त्यांच्याविषयी वाचलं आणि लक्षात आलं की विषय कसा निवडला जातो, तो कोण निवडतं आणि निवडल्यावर त्याचं काय करायचं असतं, हे समजून घ्यायला या बाईंच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५चा, तोही आपल्याकडचा नाही, ब्रह्मदेशातला. म्यिंजान नावाच्या गावात. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव त्यांनी मुलीला दिलं. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला शिक्षणासाठी पुण्याला, हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. विचार करा, १९१२-१३चा सुमार. ज्या वयात मुलींच्या लग्नाची बोलणी चालायची, त्या वयातली लेक समुद्रापलीकडून शाळेसाठी पाठवायची! या मुलीच्या शिक्षणाचा पहिला निर्णय तिच्या वडिलांनी घेतला, हे आधी नोंदवून ठेवू या.

हुजूरपागेत तिला एक मैत्रीण भेटली, शकुंतला परांजपे. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९मध्ये पहिले आलेले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झालेले. ही वसतिगृहातली मुलगी त्यांच्या घरी येऊ-जाऊ लागली आणि हळूहळू त्या घरचीच दुसरी लेक होऊन गेली. घर पुस्तकांनी भरलेलं. रँग्लर देव न मानणारे, प्रत्येक गोष्ट तर्काने तपासून घेणारे. घरी येणारी-जाणारी माणसं शिकलेली, वाद घालणारी. त्यांच्यात बाळकराम नावाचे एक न्यायाधीश होते. माणसांच्या चालीरीती आणि वंश यांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्राची गोडी इरावतीला त्यांच्यामुळे लागली, असं सांगतात.

इथे जरा थांबू या. गोडी लागली ती वर्गात नाही. कुणाच्या तरी घरी मोठ्या माणसांच्या गप्पा कानांवर पडताना लागली. आपल्या घरी पाहुणे आले की आपण मुलींना चहा करायला आत पाठवतो. चहा कुणीतरी करायला हवाच, पण त्या गप्पांतलं जे कानांवर पडायचं राहतं त्याचा हिशोब आपण कधी करत नाही.

आणखी एक गंमत बघा. एकाच घरात, एकाच पुस्तकांच्या कपाटापुढे दोन मुली वाढल्या. शकुंतलेने वडिलांसारखं गणित घेतलं, केंब्रिजला जाऊन १९२९मध्ये गणिताची परीक्षा दिली आणि नंतर आयुष्यभराचं काम मात्र केलं ते कुटुंबनियोजनाचं. इरावतीने फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेतलं आणि ती झाली मानववंशशास्त्रज्ञ. म्हणजे घराचा परिणाम दोघींवर झाला, पण दोघींवर सारखा नाही. आणि पदवीचा विषय हा दोघींच्याही आयुष्याचा विषय ठरला नाही. एकदा आर्ट्स घेतलं की संपलं असं म्हणणाऱ्यांनी या दोन मैत्रिणींकडे बघावं.

इरावतीबाई १९२६मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशवाईत शास्त्री-पंडितांना जी दक्षिणा वाटली जायची, तिच्याच निधीतून इंग्रजी अमलात शिष्यवृत्त्या सुरू झाल्या होत्या. ज्या पैशाचा मान एके काळी फक्त पुरुषांचा होता, तो एका मुलीच्या अभ्यासाला लागला. या फेलोशिपवर त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकायला गेल्या.

समाजशास्त्र हा शब्द आज आपल्या मुलींना सोपा विषय म्हणून माहीत आहे. तेव्हा मुंबई विद्यापीठातला हा विभाग अवघा सात वर्षांचा होता, १९१९मध्ये सुरू झालेला. हा विषय शिकून पुढे काय होणार, हे सांगणारं कुणी असणं शक्यच नव्हतं. आणि घुर्येसरांचं स्वतःचं तरी काय? मालवणचा हा माणूस मुळात संस्कृतचा एम.ए. विभाग सुरू करणाऱ्या पॅट्रिक गेडीस यांनी त्यांना हेरलं, ते परदेशी शिकून आले आणि १९२४मध्ये विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे विषय बदललेल्या गुरूकडे विषय बदललेली विद्यार्थिनी आली. इरावतीबाईंनी प्रबंधाला विषय घेतला तो स्वतःच्याच जातीचा, चित्पावन ब्राह्मणांचा. १९२८मध्ये त्या एम.ए. झाल्या.

याच काळात त्यांचं लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. आणि सासरे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करणारे. आता तुम्ही म्हणाल, अशा घरात सून म्हणून गेल्यावर शिकायला अडचण कसली? पण इरावतीबाईंनी जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायचं ठरलं तेव्हा विरोध केला तो अण्णांनीच! हे वाचून मला प्रथम नवल वाटलं, मग नाही वाटलं. बायकांनी शिकावं हे मान्य असणं वेगळं, आणि आपल्या घरातल्या सुनेने नेमकं किती, कुठे आणि काय शिकावं हे तिचं तिला ठरवू देणं वेगळं. आपल्या आसपासही अशी चांगली माणसं असतात. व्यासपीठावर मुलींच्या शिक्षणाबद्दल कळकळीने बोलतात, आणि घरात मात्र मुलीला जवळच्या कॉलेजात जो विषय आहे तोच घ्यायला लावतात.

दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच मेहता पुढे १९६०मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८च्या नोव्हेंबरात इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. एकीचं शिक्षण उभं राहायला किती हात लागले ते मोजा. वडील, मैत्रीण, मैत्रिणीचे वडील, बाळकराम, दक्षिणेचा पैसा, घुर्येसर, नवरा आणि कर्ज देणारे मेहता. मार्कांचा मुद्दा या यादीत कुठेतरी असेलच, पण तो एकटा नव्हता.

बर्लिनमध्ये जे घडलं ते तर प्रत्येक कॉलेजच्या मुलीला सांगायला हवं. कैसर विल्हेल्म या संस्थेत मानववंशशास्त्राचे प्रमुख होते ऑयगन फिशर. मोठे नाव, मोठा दरारा. गोऱ्या लोकांची बुद्धी श्रेष्ठ असते आणि ते त्यांच्या कवटीच्या ठेवणीत दिसतं, अशी त्यांची समजूत. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक युरोपियन माणसांत जास्त असतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असं त्यांना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंना प्रबंधासाठी त्यांनी हाच विषय दिला. बघा, इथे विषय त्यांनी निवडलेला नाही, सरांनी दिलेला आहे. आपल्या मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच होतं ना?

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या. मापं घेतली, तुलना केली. आणि दिसलं असं की कवटी सगळ्यांचीच थोडी वाकडी असते आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध नाही. चोवीस-पंचवीस वर्षांची परदेशी मुलगी, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांचा विरोध पत्करून आलेली. सरांना हवं तसं लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? त्यांनी मापांतून जे दिसलं तेच लिहिलं. फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी मात्र मिळाली आणि १९३०मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या. तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि याच वंशश्रेष्ठत्वाच्या तथाकथित शास्त्राच्या आधारावर लाखो निरपराध माणसं मारली गेली. त्या खालच्या श्रेणीची किंमत आज आपल्याला कळते.

म्हणून मला वाटतं, विषय कुणी दिला याला महत्त्व आहेच, पण तो हातात आल्यावर आपण त्यात प्रामाणिक राहतो की नाही, हे शेवटी आपल्याच हातात उरतं. मनासारखा विषय मिळाला नाही म्हणून रडत बसलेल्या मुलीला मी हल्ली या १४९ कवट्यांची गोष्ट सांगते.

परत आल्यावर काय झालं? एवढं शिकून आल्यावर लगेच मानववंशशास्त्राची प्राध्यापकी मिळाली असेल असं वाटतं ना? नाही मिळाली. १९३१ ते १९३६ त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं. म्हणजे फाइली, परीक्षा, पत्रव्यवहार. अभ्यासाच्या विषयाशी जुळणारी जागा मिळाली ती १९३९मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ते कॉलेज त्या वर्षी संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं होतं. डॉक्टरेटनंतर नऊ वर्षं! शिकलेल्या विषयाची नोकरी लगेच लागली नाही म्हणजे शिक्षण वाया गेलं, असं आपण किती पटकन म्हणून टाकतो.

पुढे त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मापं घ्यायची उपकरणं घेऊन त्या गावोगाव, डोंगराकपारीत, आदिवासी पाड्यांवर हिंडल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांबरोबर गुजरातमध्ये लांघणजच्या उत्खननावर गेल्या. १९४७मध्ये दिल्लीच्या सायन्स काँग्रेसमध्ये मानववंशशास्त्र विभागाच्या अध्यक्ष झाल्या. घरी जाई, आनंद आणि गौरी अशी तीन मुलं. बाई मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत आणि पुण्याच्या रस्त्यावर स्कूटरवरून जात, तेव्हा लोक वळून बघत. पुढे गौरी देशपांडे आणि जाई निंबकर दोघी लेखिका झाल्या. गौरीची मुलगी ऊर्मिला देशपांडे हिने तियागो पिंतो बार्बोसा यांच्यासोबत लिहिलेलं आजीचं इंग्रजी चरित्र २०२४मध्ये आलं आहे.

त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं मोठं पुस्तक १९५३मध्ये प्रसिद्ध झालं. नाव भारदस्त असलं तरी विषय आपल्याच घरातला. कुठे मुलगी कुणाला देतात? उत्तरेकडे लेक परक्या गावात, नात्याबाहेर द्यायची पद्धत. दक्षिणेत मामाच्या घरी, आत्याच्या घरी दिलेली चालते. आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावतात, पण मावशीची मुलगी बहीण मानतात. अनोळखी घरात गेलेल्या सुनेचं जिणं आणि मामाच्याच घरात गेलेल्या सुनेचं जिणं यांत फरक पडतो, हे त्यांनी देशभरची नात्यांची नावं आणि चालीरीती गोळा करून दाखवलं. ज्याला आपण बायकांच्या गप्पा म्हणतो, त्या सासर-माहेरच्या गोष्टींचं त्यांनी शास्त्र केलं.

आणि तत्त्वज्ञान, संस्कृत, ते वाया गेलं का? तेही नाही. १९६७मध्ये 'युगान्त' आलं. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी देवीसारखं नाही, माणूस म्हणून पाहिलं. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. पंढरीच्या वारीत स्वतः पायी चालून त्यांनी लिहिलेला लेखही असाच. त्यात भक्तीही दिसते आणि दिंड्यांतली जातीची वेगळी चूलही दिसते. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांचं काय झालं याचा अभ्यास त्यांनी लेकीच्या, जाईच्या, सोबतीने केला. तो १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. फर्ग्युसनमधलं तत्त्वज्ञान, घुर्यांचं समाजशास्त्र, बर्लिनमधलं मोजमाप, यातलं काहीच त्यांनी टाकून दिलं नव्हतं. सगळं एकत्र येऊन त्यांचं लिखाण झालं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं छान आहे, पण आमच्या मुलीला कुठले रँग्लर परांजपे? अगदी खरं आहे. इरावतीबाई हुशार होत्या, पण ज्या घरात, ज्या जातीत आणि ज्या शहरात त्या वाढल्या, तिथे दारं उघडायला माणसं होती. तितक्याच हुशार कितीतरी मुली त्याच वर्षांत आपल्या गावांतून चुलीपाशी राहिल्या, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. हे विसरून कुणी नुसतं जिद्दीचं गाणं गाऊ नये.

पण परांजप्यांच्या घराने केलं तरी काय? एक परकी मुलगी घरात घेतली, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं नाही आणि मोठ्यांच्या बोलण्यात तिला बसू दिलं. यातलं थोडं आपल्याला जमण्यासारखं आहे. आमच्या भागात आम्ही गेली दोन वर्षं एक साधी गोष्ट करतो. निकालाच्या आधी, एप्रिलमध्येच, बचत गटाच्या बैठकीला मुलींनाही बोलावतो. गावातली नर्स, बँकेतली बाई, ग्रामसेविका, कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम अशा एकेकीला बोलावून तिने काय शिकलं, कुठे अडलं, पैसे कसे उभे केले, एवढंच सांगायला लावतो. पहिल्या वर्षी मुली गप्प बसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी एका मुलीने नर्सबाईंना इतके प्रश्न विचारले की बैठक दीड तास लांबली.

दुसरं, पैशांची माहिती आधी काढून ठेवा. २०२४-२५पासून राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतूनच घ्यावा लागतो आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीच अर्ज टाकलेला बरा. फीची अडचण आहे म्हणून सोडलेला विषय कदाचित सोडायची गरजच नसेल.

आणि तिसरं, एसटी. आमच्याकडे चार गावच्या बायकांनी मिळून सायंकाळच्या गाडीची वेळ बदलण्यासाठी आगारात अर्ज दिला आहे. त्याच्यावर अजून उत्तर आलेलं नाही, पण आम्ही दर सोमवारी जाऊन विचारतो. साडेपाचला प्रॅक्टिकल संपवून मुलीला घरी येता आलं पाहिजे. ती सायन्स घेईल की नाही हे मग तिचं ती ठरवेल.